लांब पीव्हीसी रेनकोट की पीयू लेपाचे जाकीट?

भुसावळहून जळगावला रोज स्कूटीने नोकरीला जाणाऱ्या माझ्या मावसबहिणीपुढे प्रश्न आहे, की गुडघ्याखाली येणारा पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, रेनकोट घ्यावा, की कमरेला आकार असलेले, पीयूचा (पॉलियुरेथेनचा) पातळ जलरोधक लेप दिलेल्या पॉलिस्टरचे जाकीट आणि पँट.

पाणी अडवण्यात पीव्हीसी उजवे आहे, कारण त्याचा थर अखंड असतो. मात्र दोन्हींत पाणी शिरते ते बहुधा शिवणीतून आणि चेनमधून. म्हणून लेबलवरचा ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द बाजूला ठेवून कोट उलटा करावा आणि खांद्यावर, टोपीच्या जोडावर, पँटच्या बैठकीत आतून टेप लावलेली आहे का, ते स्वतः पाहावे. जाकिटाची जलरोधक क्षमता, म्हणजे कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसते ते माप, किमान ५००० मिलिमीटर असावी. स्कूटीवर पाण्याचा मारा समोरून होतो आणि बसल्या जागी दाब पडतो, त्यामुळे त्याहून कमी मला पुरेशी वाटत नाही.

आपल्याकडे दोन सरींच्या मधला उकाडा असह्य असतो. पीव्हीसीतून घामाची वाफ बाहेर पडत नाही, त्यामुळे कुर्ता आतून भिजतो. पाठीवर झाकलेली जाळी असलेले जाकीट याबाबतीत खूपच सुसह्य ठरते, आणि कार्यालयात शिरताना नीटनेटकेही दिसते.

पीव्हीसी स्वस्त, पण घड्यांवर तडकते. जाकिटाचा लेप इस्त्रीने खराब होतो.

साडी नेसून बसने किंवा पायी जाणाऱ्यांनी, तसेच नवापूर-अक्कलकुव्याकडच्या जास्त पावसात राहणाऱ्यांनी लांब पीव्हीसी घ्यावा; रोज स्कूटी चालवणाऱ्या माझ्या बहिणीने मात्र टेप लावलेले जाकीट आणि पँटच घ्यावी.