छापखान्यात लीनवाले सल्लागार: कुणी बोलवावं, कुणी नको

बेळगावच्या उद्यमबागेत आमचा ऑफसेट छापखाना आहे. एक दोनरंगी मशीन, एक चाररंगी, दोन्ही जुनीच घेतलेली. कामं म्हणजे कुंद्याचे (इथली मिठाई) बॉक्स, लग्नपत्रिका, निपाणीकडची बिडीची लेबलं, शाळांची पावतीपुस्तकं. शेजारच्या फौंड्रीत लीन, म्हणजे वाया जाणारा वेळ आणि माल कमी करायची पद्धत, बसवून गेलेले पुण्याचे सल्लागार आम्हीही बोलावले. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

आधी कौतुक. गृहस्थ भाषण देत बसले नाहीत. चाररंगीपाशी उभं राहून एक जॉब उतरून दुसरा चढेपर्यंतचा व्हिडिओ काढला आणि सगळ्यांना दाखवला. त्यात मशीन कमी आणि माणसंच जास्त पळत होती: पाना शोधायला, कागद कापून आणायला, प्लेट आली का बघायला. मशीन थांबल्यावरच होणारी कामं वेगळी काढा, बाकीची आधीचा जॉब चालू असतानाच उरका, एवढंच त्यांचं म्हणणं. ही जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांची पद्धत. त्यांनी टोयोटात हजार टनी प्रेसचा साचा बदलायचे चार तास तीन मिनिटांवर आणले होते.

आमचे मशीनमन मामा म्हणाले, "ते पत्रा दाबायचं मशीन ओ मालक, ह्याला रंग जुळवावा लागतो की." मामांचं खरंच आहे. रजिस्टर (रंगावर रंग नेमका बसणं) आणि शाई बसायला शीट चालवावेच लागतात. पण प्लेट, कापलेला कागद, शाईचे डबे ट्रॉलीवर तयार राहायला लागले. फिके रंग सकाळी, गडद दुपारनंतर, त्यामुळे रूळ धुणं कमी झालं. कुंद्याच्या बॉक्सचा पास झालेला शीट आणि इंक कीची (शाई कमी-जास्त करायच्या चाव्यांची) सेटिंग आता जॉबच्या पाकिटातच असते. पाऊण तास जायचा तिथं वीस-पंचवीस मिनिटांत चांगला शीट पडतो, वाया जाणारा कागदही घटला. फी इथेच वसूल झाली.

फाइव्ह एस, म्हणजे नको ते काढून जागा नीट लावायची पद्धत, बरं, पण त्यात छापखान्याची जाण दिसली नाही. कोपऱ्यातल्या ट्रेडलला (जुन्या खिळाछपाईच्या मशीनला) त्यांनी भंगार म्हणून लाल चिठ्ठी लावली. पावतीपुस्तकांचं नंबरिंग आणि परफोरेशन काय चाररंगीवर करायचं? चिठ्ठी मी काढून टाकली. भिंतीवरचे तक्ते सगळे इंग्रजीत. आमची निम्मी पोरं कन्नड वाचतात, उरलेली मराठी. शेवटी दोन्ही भाषांत आम्हीच छापून लावले, छापखाना घरचाच होता म्हणून बरं.

आणि कागदाचा साठा दोन दिवसांचाच ठेवा, हा सल्ला तर अजिबात ऐकू नका. तुळशीचं लग्न लागलं की बेळगावातल्या प्रत्येक छापखान्याला तेच आर्ट कार्ड हवं असतं. तेव्हा व्यापारी फोनसुद्धा उचलत नाही. मशीनचं रबरी ब्लँकेट, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), रूळ धुवायचं केमिकल यांना मात्र त्यांची कानबान (माल मागवायची) कार्डं चोख चालतात: पहिला कॅन संपला की कार्ड ऑफिसात, दुसरा संपायच्या आत माल दारात.

फी निम्मी आगाऊ घेतात. शेवटचा हप्ता दिल्यावर फोन उचलायला वेळ लावतात, म्हणून तो हप्ता दोन-तीन महिन्यांनी द्यायचं आधीच ठरवून घ्या. दिवसाला चार-पाच वेगळे जॉब चढत असतील तर जरूर बोलवा, तेही पावसाळ्यात, मशीनला जरा उसंत असते तेव्हा. नुसतं डिजिटल प्रिंटचं दुकान असेल तर गरज नाही.