फॅनग्राफ्सवर बेसबॉल हंगामाचं भाकीत: कुठला आकडा उचलावा, कुठला सोडावा

मेजर लीग बेसबॉलचा हंगाम मार्चअखेर सुरू होतो. त्याआधीचे दोन-तीन आठवडे चाहते तक्ते मांडून बसतात: ३० संघांपैकी कोण किती सामने जिंकणार, सहा डिव्हिजन (गट) कुणाच्या, डिव्हिजन न जिंकताही वाइल्ड कार्डवर कोण प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत येणार, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) कोण. मनाला येईल तसे आकडे ठोकून द्यायला कुणाची ना नाही. पण हिशोब करायची तयारी असेल तर लागणारी बहुतेक सामग्री फॅनग्राफ्स या संकेतस्थळावर एका जागी सापडते. सामग्री उत्तम आहे. गोंधळ होतो तो ती वाचताना.

तिथे एकाच खेळाडूचे चार-पाच वेगवेगळे अंदाज दिसतात. महत्त्वाचे दोन. ‘झिप्स’ ही डॅन झिम्बोर्स्की यांची पद्धत आणि ‘स्टीमर’ ही ब्रुकलिनमधले शाळाशिक्षक जेरेड क्रॉस यांनी आपल्या दोन माजी विद्यार्थ्यांबरोबर उभी केलेली. गाभा दोन्हींचा सारखाच: गेल्या काही हंगामांची कामगिरी घ्यायची, अलीकडच्या हंगामाला जास्त वजन द्यायचं, सगळं लीगच्या सरासरीकडे थोडं ओढायचं, मग वय आणि घरच्या मैदानाचा परिणाम लावायचा. नवख्याने मात्र थेट ‘डेप्थ चार्ट्स’ हा पर्याय निवडावा. त्यात झिप्स आणि स्टीमरची सरासरी असते आणि कोण किती खेळेल हे माणसांनी बसून ठरवलेलं असतं. एका संघासाठी झिप्स आणि दुसऱ्यासाठी स्टीमर असं कधीही करू नका. दोन पद्धतींची लीग-सरासरी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे आवडत्या संघाला नकळत दोन-तीन विजय फुकट मिळतात.

संघाचे विजय काढायची कृती सोपी आहे. संघाच्या पानावर सगळ्या बॅटरांच्या आणि पिचरांच्या (चेंडू टाकणाऱ्यांच्या) ‘वॉर’ची बेरीज घ्या. वॉर म्हणजे मायनर लीगमधून (खालच्या स्तरावरच्या स्पर्धेतून) सहज उचलता येईल अशा बदली खेळाडूपेक्षा हा किती विजय जास्त देतो, ते. निव्वळ बदली खेळाडूंचा संघ ०.२९४ या दराने जिंकेल असं धरलेलं आहे, म्हणजे हंगामातल्या १६२ सामन्यांत साधारण ४८ विजय. बॅटरांचे २२ आणि पिचरांचे १६ भरले, तर ४८ अधिक ३८, म्हणजे ८६. पडताळा रनांवरून घ्या: दहा रनांचा फरक म्हणजे ढोबळमानाने एक विजय. ७४० रन काढून ७०० देणारा संघ ८१ च्या (निम्म्या सामन्यांच्या) वर चार, म्हणजे ८५. दोन्ही वाटांनी आलेले आकडे तीनपेक्षा जास्त हलले तर बहुधा बेरजेत कुणीतरी सुटलेलं असतं. नेहमीचा बळी डॉजर्सचा शोहेई ओहतानी. तो दोन्ही कामं करतो, म्हणून बॅटरांच्या यादीत वेगळा आणि पिचरांच्या यादीत वेगळा येतो. दोन्ही जोडल्याशिवाय डॉजर्सचा हिशोब पुरा होत नाही.

चाहत्याने हात घालावा तो खेळण्याच्या वेळेत. खेळाडू किती चांगला आहे हे यंत्राला तुमच्यापेक्षा बरं कळतं. तो किती खेळेल हे यंत्राला जवळजवळ कळत नाही. डेप्थ चार्ट्समध्ये प्रत्येक जागेला सुमारे ७०० प्लेट अपिअरन्स (बॅटिंगच्या खेपा) वाटलेले असतात. आधी कॅचर (बॅटरच्या मागे चेंडू झेलणारा) पाहा. हे काम इतकं झिजवणारं आहे की कोणी १६२ सामने करत नाही, त्यामुळे दुसऱ्या कॅचरच्या नावावर दोनशेच्या आसपास अपिअरन्स असायलाच हवेत. मग स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारे पिचर. पाच जणांनी प्रत्येकी ३२ सामने सुरू केले की १६० होतात, पण असा हंगाम कुणाच्या नशिबी येत नाही. कोपराचं लिगामेंट फाटून टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली की बारा ते अठरा महिने गेले. म्हणून संघ तोलताना पहिल्या दोन पिचरांइतकाच वेळ सहाव्या, सातव्या आणि आठव्यावर घालवा. तिथे ०.२ वॉरचा माणूस आहे की १.२ चा, यावर सप्टेंबरमधली जागा ठरते. हे बघायला ‘रोस्टर रिसोर्स’ हा विभाग आहे. कोण दुखापतीच्या यादीत, कोणाचे मायनर लीगला पाठवायचे पर्याय संपलेत, डाव्या पिचरविरुद्ध कोण बसतो, हे सगळं तिथे रोजच्या रोज बदलत असतं. संपूर्ण संकेतस्थळावरचा हा सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग.

दुखापतीची बातमी आली की चाहते घाबरून दहा विजय कापतात. हिशोब इतका क्रूर नसतो. चार वॉरचा खेळाडू अर्धा हंगाम बाहेर गेला आणि त्याच्या जागी पूर्ण हंगामाला १.५ वॉर देणारा माणूस आला, तर नुकसान सव्वा विजयाचं. तीन स्टार्टर एकदम गेले तर गोष्ट वेगळी, कारण तिसरा बदली खेळाडू खरोखरच शून्य वॉरचा असतो.

तक्ता पूर्ण झाला की एकच बेरीज करा: ३० संघांचे विजय मिळून २४३० व्हायला हवेत, कारण सामनेच तेवढे आहेत. चाहत्यांच्या बहुतेक याद्या इथेच उघड्या पडतात. सगळ्यांनाच थोडं थोडं चांगलं म्हटलेलं असतं. बेरीज २४६० आली तर सरळ प्रत्येकाचा एक विजय काढा. फक्त नावडत्या संघांमधून तीस कापणं म्हणजे तोच पक्षपात पुन्हा. आणखी एक: २०२३ पासून प्रत्येक संघ उरलेल्या २९ जणांशी खेळतो आणि डिव्हिजनमधल्या प्रतिस्पर्ध्याशी १९ ऐवजी १३ सामने होतात. त्यामुळे ‘डिव्हिजन सोपी आहे’ म्हणून पाच विजय वाढवण्याची जुनी सवय आता सोडायला हवी, एक-दोन ठीक.

फॅनग्राफ्सच्या तक्त्यात शंभरावर गेलेला संघ शोधूनही क्वचितच मिळतो आणि साठाखालीही फार कोणी नसतं. नवे लोक यावर हसतात. पण तो आकडा हजारो शक्यतांची सरासरी असतो, एका हंगामाचं चित्र नव्हे. संघाची खरी ताकद अगदी अचूक माहीत असली तरी १६२ सामन्यांत निव्वळ योगायोगाने सहा-साडेसहा विजयांचं प्रमाण विचलन (सरासरीपासून इकडे-तिकडे होणारी नेहमीची हालचाल) येतंच. (आयपीएलच्या १४ साखळी सामन्यांत ते पावणेदोनच्या वर जातं, सामन्यांच्या मानाने हे खूपच जास्त, म्हणून तिथला तक्ता याहून कितीतरी जास्त उलटापालट होतो.) २०२५ मध्ये ब्रुअर्स ९७ जिंकले आणि रॉकीज ४३. टोकं प्रत्यक्षात येतात. फक्त ती कुणाच्या वाट्याला येतील हे आधी सांगता येत नाही. म्हणून तुमच्या यादीत दोन संघ शंभरावर टाकायचे असतील तर मजेसाठी टाका, चूक मोजताना ते महागात पडणार हे धरून.

योगायोग कुठे लपतो याचा नमुना २०२३. पॅड्रेसनी दिलेल्यापेक्षा १०४ रन जास्त काढले आणि तरी ८२-८० वर (८२ जय, ८० पराभव) थांबले, कारण एका रनाने निकाल लागलेल्या सामन्यांत ९-२३ आणि जादा इनिंगमध्ये (बरोबरीनंतरच्या वाढीव डावांत) २-१२. मार्लिन्सचा रनांचा फरक उणे ५७, पण एका रनाच्या सामन्यांत ३३-१४, आणि ८४ विजयांसह प्लेऑफ. पुढच्या वर्षी पॅड्रेस ९३ जिंकले, मार्लिन्स १०० हरले. मार्लिन्सना दुखापती आणि खेळाडूविक्रीही भोवली, हे खरं. तरी दिशा आधीच कळत होती. गेल्या हंगामाचा जय-पराजय पाहून भाकीत करणारा इथे दोन्हीकडे आपटतो, रनांचा फरक पाहणारा वाचतो.

प्लेऑफची शक्यता दाखवणारं पान सगळ्यात जास्त बघितलं जातं आणि सगळ्यात वाईट वाचलं जातं. तिथे उरलेला हंगाम २०,००० वेळा खेळवून टक्केवारी काढतात. पाच टक्के म्हणजे ‘नाही’ नव्हे. असे वीस संघ घेतले तर सरासरीने एक आत जातो. २०२१ च्या जायंट्सना सगळे सत्तरीच्या मध्यावर धरत होते, ते १०७ जिंकले. वर्ल्ड सीरिजचा (विजेतेपदाच्या अंतिम लढतीचा) रकाना तर करमणुकीपुरताच. बारा संघ, पहिली फेरी तीन सामन्यांची, पुढची पाचांची. तिथे सगळ्यात तगड्या संघाचीही शक्यता साधारणपणे चारांत एकाहून कमी राहते. डॉजर्स २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ जिंकले, यावरून तो आकडा चुकीचा ठरत नाही.

उणिवाही आहेत. हे अंदाज आजचा संघ सप्टेंबरपर्यंत तसाच राहील असं धरतात. जुलैअखेरच्या व्यवहारांत बुडणारे संघ आणखी खेळाडू विकतात, लढणारे विकत घेतात, आणि टोकं अधिक ताणली जातात. ब्रुअर्सना वर्षानुवर्षं ८० च्या आसपास धरलं जातं आणि ते ९२, ९३, ९७ जिंकतात. क्षेत्ररक्षण, बुलपेन (स्टार्टरनंतर येणारे पिचर) आणि बाकावरची खोली यांचं काहीतरी तिथे निसटतं. त्यांना तीन विजय वाढवून द्यायला हरकत नाही, दहा नकोत. २०२६ पासून पंचाच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देता येतं, प्रत्येक संघाला दोन, बरोबर निघालं तर शिल्लक राहतं. फॅनग्राफ्सच्या वॉरमध्ये कॅचरच्या फ्रेमिंगचं (काठावरचा चेंडू पंचाला स्ट्राइक वाटेल असा झेलण्याचं) मोल धरलेलं असल्याने त्यावर जगणाऱ्या कॅचरांच्या आकड्याकडे जरा संशयाने बघा. पण आव्हानं मोजकीच, त्यामुळे ते मोल एकदम शून्य होत नाही.

वैयक्तिक बक्षिसांत बॅटर निवडणं सोपं. ॲरन जज आणि ओहतानी यांच्याविरुद्ध पैज लावणारे अलीकडे बहुतेकदा हरलेत. साय यंगसाठी (सर्वोत्तम पिचरच्या बक्षिसासाठी) मात्र अंदाजातल्या इनिंगकडे आधी बघा. १८० च्या खाली धरलेला पिचर कितीही भेदक असला तरी धोक्याचा. होम रनचा मुकुट सांगणं सगळ्यात अवघड: कॅल रॅलीने २०२४ मध्ये ३४ मारले होते, २०२५ मध्ये ६०. सरासरीकडे ओढणारी कुठलीही पद्धत ६० लिहीत नाही आणि लिहूही नये.

बेसबॉल प्रॉस्पेक्टस या दुसऱ्या संकेतस्थळाची ‘पेकोटा’ ही नेट सिल्व्हर यांनी घडवलेली पद्धत दुसरं मत म्हणून चांगली. एका आकड्याऐवजी पट्टा दाखवण्यात ती फॅनग्राफ्सच्या पुढे आहे: हा संघ वाईट दिवसांत कुठे, चांगल्या दिवसांत कुठे. पण खेळाडूनिहाय तपशील वर्गणीदारांसाठी. केवळ संघांचा तक्ता मांडणाऱ्याने त्यासाठी पैसे घालू नयेत. फँटसी लीग खेळणाऱ्याने विचार करावा. चुकांच्या बाबतीत तीही माणसांतलीच. २०१५ च्या रॉयल्सना तिने ७२ दिले होते. ते ९५ जिंकले आणि वर्ल्ड सीरिजही.

स्प्रिंग ट्रेनिंगचे (हंगामापूर्वीच्या सरावाचे) फ्लोरिडातले दुपारचे सामने भारतात रात्री साडेदहा-साडेअकराच्या सुमारास सुरू होतात. बघायचे तर फास्टबॉलचा वेग बघा, कुठला पिचर किती इनिंगपर्यंत पोचला ते बघा, शॉर्टस्टॉपच्या जागी कोण उभा राहतो ते बघा. बॅटिंग सरासरीकडे बघू नका: समोर अर्धे मायनर लीगचे पिचर असतात आणि उरलेले नवे चेंडूप्रकार आजमावत असतात.

तक्ता पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशीच बंद करा, आधी नको. शेवटच्या आठवड्यात संघ रोस्टर २६ वर आणतात आणि दोन-चार जागा हमखास फिरतात. त्या दिवशीचे डेप्थ चार्ट्सचे विजय स्वतःच्या आकड्याशेजारी एका रकान्यात उतरवून ठेवा, आणि तिसऱ्या रकान्यात गेल्या वर्षीचे विजय ८१ कडे अर्धे ओढून लिहा. म्हणजे ९७ चे ८९, ४३ चे ६२. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक रकान्याची सरासरी चूक काढा. पाचाच्या खाली कुणी जात असेल तर ते नशीब, कारण योगायोगच तेवढी चूक घडवतो. तिसऱ्या रकान्याला हरवता आलं नाही, तर पुढच्या वर्षी खेळण्याच्या वेळेशिवाय कशालाही हात लावू नका.