बचत गटाची मिनी दाल मिल: यंत्र पसंत, पण चावी कोणाकडे?

कोरडवाहू पट्ट्यात तूर निघाली की बाजार समितीत जाते आणि पावसाळ्यात डाळ होऊन किराणा दुकानातून किलोकिलोने परत येते. मधला पैसा गावाबाहेरच राहतो. लहान शेतजमिनींवरच्या १९१८ च्या निबंधात बाबासाहेबांनी मांडलं होतं की शेत पुरेसं आहे की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्याला जोडलेलं भांडवल, अवजारं आणि हात यांवर ठरतं. शेतीवरच्या जादा हातांना त्यांनी उद्योगाची वाट सांगितली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी दाल मिल, म्हणजे गावातच बचत गटाने मजुरी घेऊन तुरीची डाळ करून द्यायचं लहान यंत्र, याच कसोटीवर पारखायला हवी.

यंत्र म्हणून ती पसंत आहे. एका खोलीत मावते, आणि तूर नीट तयार केली तर क्विंटलमागे ७० किलोच्या आसपास डाळ उतरते. बिघडतं ते घाईमुळे. पहिल्या फेरीत एमरी रोलरने, म्हणजे खरखरीत लेपाच्या रुळाने, सालीवर नुसते ओरखडे पाडायचे. मग क्विंटलला पाव ते अर्धा किलो खाद्यतेल चोळून ढीग रात्रभर झाकायचा, दोन-तीन दिवस कडक उन्हात पातळ पसरायचा. नंतर २ ते ३ लिटर पाणी शिंपडून पुन्हा रात्रभर मुरवायचं, पुन्हा वाळवायचं. दाणा दाताखाली कटकन फुटला तरच दुसरी फेरी. ओल राहिली की साल सुटत नाही, रोलरवर जास्त घासावं लागतं, डाळीच्या कडा झिजतात आणि चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, वाढते. जाड-बारीक दाणा एकत्र टाकला तर जाड फुटतो, बारीक सालीसकट निघून जातो. म्हणून आधी चाळणी. ढगाळ दिवसांत तूर नेऊच नये.

सेवेला गुण द्यायचे ते हिशेबावरून. तूर, डाळ, चुनी तिन्ही तुमच्यासमोर काट्यावर चढली पाहिजेत. चुनी हे दुभत्या जनावराचं खाद्य, तिलाही मोल आहे. मजुरी रोख घेऊन वर चुनीही ठेवून घेतली तर ती दुहेरी मजुरी झाली.

आणि मुख्य गोष्ट. यंत्र गटाच्या नावावर, पण शेडची चावी मोठ्या शेतकऱ्याच्या घरी असेल, तर भूमिहीन बाया निवडण्या-वाळवण्याच्या रोजंदारीवरच राहतात. अशा ठिकाणी डाळ कितीही पिवळीधमक मिळो, आमचे गुण कमीच. जिथे बँकेच्या खात्यावर सही त्या बायांची आहे, रोलर झिजल्यावर बदलायला दर पोत्यामागे पैसे बाजूला पडतात, आणि पाच पायल्या आणणारीचा नंबर पाच पोतीवाल्यापुढे लागू शकतो, तिथे तूर द्या.