मथळा: सरळ, प्रश्नार्थक की ताणून धरणारा?

बातमी एकच: दुरुस्तीमुळे गुरुवारी कोथरूडला पाणी नाही, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येईल. मथळे तीन:

कोथरूडमध्ये गुरुवारी पाणी बंद
गुरुवारी तुमच्याकडे पाणी येणार का?
पुणेकरांनो, बुधवारी रात्री हे काम विसरू नका!

इथे पहिलाच घ्यावा. कोथरूडकर पिंप भरायला उठतो आणि बाणेरकर पुढे सरकतो. बातमी न उघडताही दोघांचं काम झालं. तिसरा बाणेरकरालाही आत ओढतो. तो चडफडत बाहेर पडतो आणि पुढच्या वेळी खरी निकड असली तरी फिरकत नाही.

ताणून धरणारा मथळा पुरवणीतल्या लेखाला शोभतो, पण त्यातही हाताला काहीतरी ठोस लागावं. 'मिसळीच्या तर्रीचं गुपित ऐकून थक्क व्हाल' यात काहीच नाही. 'तर्री लालभडक, तरी जाळ का होत नाही?' यात कोडं दिसतं. उत्तर (बेडगी मिरची: रंग भरपूर, तिखटपणा कमी) पहिल्या परिच्छेदातच द्यावं.

प्रश्नार्थक मथळा सर्वांत फसवा. उत्तर नुसतं 'हो' किंवा 'नाही' असेल, तर तेच मथळ्यात लिहा. 'का' आणि 'कसं' चालतात. 'केसरी'तला १८९७चा 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अपवाद, कारण तो विचारत नाही, सुनावतो.

आता मराठीची खास अडचण. आपलं क्रियापद आणि नकार शेवटी येतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर मथळा शेवटीच कापला जातो. 'कोथरूडमध्ये गुरुवारी पाणी बंद नाही' मधला 'नाही' गेला की अर्थ उलटा. 'कोथरूडची गुरुवारची पाणीकपात रद्द' यातही तोच धोका. म्हणून: 'पाणीकपात रद्द, कोथरूडला गुरुवारी नेहमीप्रमाणे पाणी'. आता शेपूट तुटलं तरी बिघडत नाही.

लांबी डोळ्यांनी मोजू नका. 'कोथरूडमध्ये' यात आपल्याला सहा अक्षरं दिसतात. संगणक काना-मात्रा आणि हलन्त धरून अकरा मोजतो. मथळा एसएमएसनेही जाणार असेल तर हा फरक खिशाला लागतो: देवनागरीत एका संदेशात ७० चिन्हंच मावतात, इंग्रजीत १६०. 'पुणेकरांनो' आणि उद्गारचिन्ह आधी उडवा.