नवा पीसी, जुना मॉनिटर: कोणती केबल घ्यावी?

जेकार्डची (मागावर विणतानाच उठणारी) नक्षी संगणकावर काढताना ग्राफची एकेक चौकट महत्त्वाची असते. ताण्याचा धागा बाण्याच्या धाग्यावर राहणार की खाली जाणार, हे त्या चौकटीवर ठरतं. म्हणून सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या डिझाइनच्या खोलीत मॉनिटरची केबल ही किरकोळ गोष्ट नाही. माझ्या मावसभावाने नवा पीसी आणि २४ इंची मॉनिटर घेतला. जुना १७ इंची चौकोनी मॉनिटर अजून ठणठणीत होता, तो शेजारी लावायचा होता. नव्या पीसीला मागे निळं व्हीजीए सॉकेट, म्हणजे जुन्या मॉनिटरची केबल बसते ते, नव्हतंच. तुमचीही हीच अडचण असेल तर आधी दुकानात जाऊ नका, टॉर्च घेऊन दोन्ही मॉनिटरच्या मागे वाकून बघा.

जुन्या १७ इंचीला निळ्या व्हीजीएशेजारी बरेचदा एक पांढरं, लांबट सॉकेट असतं. धूळ बसलेली असते, वर्षानुवर्षं कुणी वापरलेलं नसतं. ते डीव्हीआय. ते असेल तर एका टोकाला एचडीएमआय (नव्या पीसीवरचं चपटं सॉकेट) आणि दुसऱ्या टोकाला डीव्हीआय असलेली केबल घ्या आणि निर्धास्त व्हा. डीव्हीआय १९९९चं आणि एचडीएमआय २००२चं असलं तरी चित्राचा सिग्नल दोघांचा एकाच जातीचा आहे. मध्ये कुठलीही चिप लागत नाही, केबल दोन्ही दिशांना चालते. आवाज मात्र स्पीकरला वेगळा द्यावा लागतो.

व्हीजीए आणि डीव्हीआय यांतला फरक आम्ही एकाच मॉनिटरवर पाहिला. १२८० बाय १०२४वर ग्राफ पूर्ण उघडला आणि एका पिक्सेलची उभी काळी रेघ काढली. डीव्हीआयवर ती काळीच दिसली. व्हीजीएवर तिच्या दोन्ही अंगांना करडी किनार आली आणि बारीक चौकटी एकमेकींत मिसळल्या. व्हीजीए १९८७चं, काचेच्या जाड मॉनिटरच्या काळातलं. त्यात सिग्नल अॅनालॉग असतो, म्हणजे आकड्यांऐवजी सतत कमी-जास्त होणाऱ्या विजेचा, आणि कुठला पिक्सेल कुठे सुरू होतो हे एलसीडीला अंदाजाने ठरवावं लागतं. पडदाभर काहीतरी उघडून मॉनिटरचं ‘ऑटो’ बटण दाबलं की अंदाज बराच सुधारतो, पण डीव्हीआयची बरोबरी होत नाही. बिलिंगच्या काउंटरवर व्हीजीए खुशाल वापरा. नक्षीच्या कामाला दुसरा मार्ग असताना मी तरी वापरणार नाही.

मॉनिटरला फक्त व्हीजीएच असेल तर एचडीएमआय-टू-व्हीजीए कनव्हर्टर लागतो आणि इथेच पैसे वाया जातात. डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग करायला आत चिप हवीच. दोन टोकांना दोन वेगळे प्लग असलेली साधी केबल काउंटरवर मिळते, ती चिप नसेल तर काहीच दाखवत नाही. आम्हाला एका दुकानात ‘दोन्हीकडून चालतो’ म्हणून चक्क उलट्या दिशेचा कनव्हर्टर दिला होता. घरी येऊन तासभर पीसीलाच दोष देत बसलो. खूण सोपी आहे: पीसीत घुसणारा प्लग एचडीएमआयचा हवा आणि व्हीजीएच्या बाजूला छिद्रांचं सॉकेट हवं, ज्यात मॉनिटरची जुनी केबल बसेल. दिशा उलटी असेल तर परत करा. कनव्हर्टर कोमट लागला तर घाबरू नका, चिप चालू आहे.

जुनी व्हीजीए केबल टाकून देण्याआधी पिना मोजा. १५पैकी मधल्या ओळीतली एक पिन अनेक केबलींत मुळातच नसते, तो दोष नाही. पडदा पिवळट दिसला तर निळ्याची पिन वाकलेली असण्याची शक्यता जास्त. तांबडी गेली तर सगळं निळसर-हिरवट दिसतं.

आता नवा मॉनिटर. त्याला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट (तसंच दुसरं डिजिटल सॉकेट) दोन्ही असतील तर १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० वेळा चित्र) काडीचा फरक नाही. ४के, म्हणजे याच्या चौपट पिक्सेलचा मॉनिटर, घेतलात तर बघावं लागतं. जुन्या १.४ आवृत्तीच्या एचडीएमआयवर ४के फक्त ३० हर्ट्झने येतं आणि माउस अडखळतो. ६०साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ हवं, तेही पीसी आणि मॉनिटर दोघांकडे.

मी मात्र डिस्प्लेपोर्टच सुचवलं, ते वेगळ्या कारणाने. भावाची खोली मागाच्या शेडला लागून आहे, टेबल दिवसभर थरथरतं. साध्या एचडीएमआय प्लगला कुठली कडी नसते, हादऱ्याने तो ढिला होतो आणि पडदा मध्येच काळा पडतो. डिस्प्लेपोर्टच्या बहुतेक केबलींना कडी असते, काढताना बटण दाबावं लागतं. डीव्हीआयला तर दोन स्क्रूच असतात. शेडजवळ बसत असाल तर हा मुद्दा रिझोल्यूशनइतकाच मोलाचा आहे.

अडॅप्टर घेताना एवढं पाहा: पीसीच्या डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय मॉनिटरला जाणारा साधा अडॅप्टर बहुतेक ठिकाणी चालतो, पण तोच उलटा लावून चालत नाही. लॅपटॉपला टाइप-सी असेल तर सॉकेटशेजारी डिस्प्लेपोर्टची खूण आहे का ते बघा. काही टाइप-सी फक्त चार्जिंग आणि डेटापुरते असतात. पीसीत वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर दोन्ही केबली त्याच्यातच लावा, वरच्या मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये नकोत.

भावाकडे शेवटी नव्याला डिस्प्लेपोर्ट आणि जुन्याला एचडीएमआय-डीव्हीआय लावली, दोन्ही दोन मीटरच्या. लावण्याआधी जुन्या डीव्हीआय सॉकेटमधून मऊ ब्रशने सुताचा बराच कापूस निघाला.