गँडाल्फ आजोबांचा तरणाताठा मॅकबेथ: डीव्हीडी घ्यावी का?

इयन मॅकेलन म्हटलं की आपल्याकडे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गँडाल्फची पांढरी दाढी नाहीतर 'एक्स-मेन'मधल्या मॅग्नेटोचं हेल्मेटच आठवतं, मी पण त्यातलाच. मग मामेभावाने लंडनहून ही शेक्सपिअरच्या मॅकबेथची डीव्हीडी आणली आणि डोकंच फिरलं.

आधी तक्रार. डीव्हीडीला देशांप्रमाणे रीजनचा नंबर असतो; डिस्क रीजन २ ची निघाली, आपल्याकडचे प्लेअर रीजन ५ चे, त्यामुळे घरच्या प्लेअरने सरळ नाही म्हटलं, शेवटी लॅपटॉपवर लावली. घेण्याआधी एवढं बघून घ्या.

नाटक ट्रेव्हर नन यांनी रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी १९७६ ला स्ट्रॅटफर्डच्या 'द अदर प्लेस'मध्ये बसवलेलं, म्हणजे पत्र्याची शेडच ती. थेम्स टेलिव्हिजनने शूट करून १९७९ ला दाखवलं. सेट नाहीच म्हणा ना, काळोख, आणि गोल करून बसलेले नट. राजवाडा, घोडे, लढाई शोधाल तर निराश व्हाल. पण कॅमेरा चेहऱ्याला इतका चिकटलेला की लपायला जागाच नाही, आणि मॅकबेथ झालेला मॅकेलन केस चापून मागे बसवून जे करतो ते बघताना चहा गार झाला माझा. खून करून येतो तेव्हा दोन्ही खंजीर अजून हातातच, ठेवायचं पण भान नाही, आणि नवरा-बायको कुजबुजतायत! ओरडला असता तर एवढी भीती वाटली नसती.

बायको म्हणजे ज्यूडी डेंच, हो तीच, जेम्स बाँडची बॉस 'एम'. झोपेत चालण्याच्या सीनमध्ये तिच्या घशातून जो आवाज निघतो तो रात्री एकट्याने ऐकू नका. बॉब पेक मॅकडफ आहे (जुरासिक पार्कमधला तो टोपीवाला शिकारी), आणि दारुडा दरवान चक्क स्टार वॉर्सचा सम्राट, इयन मॅकडायरमिड.

यानंतर मॅकेलनना १९८१ ला ब्रॉडवेवर 'अमेडियस' नाटकातल्या सालिएरीसाठी टोनी अवॉर्ड मिळालं, सर झाले १९९१ ला, आणि गँडाल्फ थेट २००१ मध्ये. म्हणजे आपण ज्याला सुरुवात समजतो तोपर्यंत बाबाची चाळीस वर्षं रंगभूमीवर गेलेली! शेक्सपिअरचा किंग लिअर पण केला, २००७ ला आणि परत २०१८ ला. आपल्या 'नटसम्राट'मधल्या आप्पा बेलवलकरांचा मूळपुरुष तो लिअर. २०१६ ला ते शेक्सपिअरच्या कार्यक्रमासाठी मुंबईत येऊन गेले, तेव्हा हे बघितलेलं असतं तर मी सुट्टी टाकून गेलो असतो.

चित्र जुन्या टीव्हीचं आहे, मोठ्या स्क्रीनवर फुटतं. भाषा पहिली वीस मिनिटं डोक्यावरून जाते, म्हणून शिरवाडकरांचं 'राजमुकुट' आधी वाचून घ्या, गोष्ट तीच आहे. मी पाचपैकी साडेचार देतो, अर्धा त्या रीजनचा कापला. मामेभाऊ डिस्क परत मागतोय, बघू.