पोळ्याचा बैल ब्लेंडरमध्ये: वर्षभराच्या आत जे कळलं ते

धुळ्याकडे आमचं मूर्तीचं घरगुती काम आहे. गणपती आहेतच, पण पोळ्याचे बैल हा आमचा जुना माल. बैलांचे मूळ नमुने मागच्या पोळ्यानंतर मी शाडूऐवजी ब्लेंडरमध्ये, म्हणजे संगणकावर थ्रीडी आकार घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, घडवायला लागलो. यंदाच्या पोळ्याला बाजारात गेलेले बैल त्याच नमुन्यांच्या साच्यांतून निघाले. त्यामुळे आता ठामपणे लिहू शकतो.

स्कल्प्टिंगचे, म्हणजे पडद्यावरचा आकार मातीसारखा दाबून-ओढून घडवण्याचे, जे व्हिडिओ मी पाहिले त्यांत सगळा भर ब्रशवर, म्हणजे त्यासाठीच्या हत्यारांवर होता. क्ले स्ट्रिप्स कसा मारायचा, क्रीजने सुरकुती कशी पाडायची, वगैरे. माझं मत वेगळं आहे. बैल बैलासारखा दिसणार की नाही हे ब्रश उचलण्याआधीच, मूळ आकार मांडताना ठरतं. आणि ब्लेंडरचा खरा फायदा मला त्याच टप्प्यावर झाला.

शिफ्ट-ए दाबून मेश ही तयार आकारांची यादी उघडली की गोळा, ठोकळा, नळकांडं सगळं समोर येतं. गोळा म्हटल्यावर हात यूव्ही स्फिअर या तयार गोळ्याकडे जातो, पण त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला सगळ्या रेषा एका बिंदूत येतात आणि तिथे ब्रश फिरवला की चुण्या पडतात. त्यापेक्षा ठोकळा घ्यावा आणि त्यावर सबडिव्हिजन लावावं, म्हणजे दर पृष्ठाचे चार तुकडे होऊन आकार गोलसर होतो. ठोकळ्याला ६ पृष्ठं असतात आणि दर पातळीला ती चौपट होतात: २४, ९६, ३८४, १५३६. चौथ्या पातळीला छान गुळगुळीत गोळा मिळतो आणि चौकटी सगळीकडे साधारण सारख्या राहतात. बैलाच्या धडाला असाच गोळा लांबट ताणून घेतो. ताणल्यावर कंट्रोल-ए दाबून स्केल पक्कं करायला विसरू नका, नाहीतर ब्रश एका दिशेला ओढल्यासारखा चालतो.

धड, पुठ्ठा, मान, डोकं, वशिंड, चार पाय हे सगळे मी वेगवेगळे ठेवतो आणि शक्य तितका वेळ वेगळेच राहू देतो. मग व्ह्यूपोर्टचा, म्हणजे काम दिसतं त्या खिडकीचा, प्रकाश फ्लॅट करतो, रंग एकच काळा देतो आणि नमपॅडवरचा ३ दाबून बाजूने बघतो. पडद्यावर फक्त काळी सावली उरते. डोळे नाहीत, झूल नाही, काही नाही. त्या सावलीत बैल ओळखू आला तरच पुढे जायचं. आमचे नाना आयुष्यभर हाताने बैल करत आले, त्यांना मी ही सावलीच दाखवतो. एकदा बघताक्षणी त्यांनी सांगितलं की वशिंड मागे सरकलंय, ते पाठीवर नाही, खांद्यावर बसतं. वशिंड वेगळा गोळा होता, सरकवायची जी कळ दाबून पुढे घेतलं, काम झालं. मातीत तेवढ्यासाठी पाठ कापून पुन्हा भरावी लागली असती. तापीकाठच्या खिल्लारीची पाठ सरळ, शिंगं बुडाशी जवळजवळ, मागे वळून वर गेलेली. ही ओळख पूर्ण बाह्यरेषेत असते, कातडीच्या बारकाव्यात नाही.

जमलं असं वाटलं की सगळं निवडून जोडायला कंट्रोल-जे, आणि स्कल्प्ट मोडमध्ये, म्हणजे ब्रशने घडवायच्या अवस्थेत, कंट्रोल-आर. हे व्हॉक्सेल रिमेश, म्हणजे सगळा आकार बारीक घनांच्या (व्हॉक्सेलच्या) मापाने नव्याने विणणं. ही सोय २०१९ साली ब्लेंडरच्या २.८१ आवृत्तीत आली. मातीचे दोन ओले गोळे दाबून एकजीव करावेत तसे एकमेकांत घुसलेले भाग एका सलग पृष्ठात येतात आणि आतला दडलेला भाग निघून जातो. व्हॉक्सेलचा आकार आधी मोठाच ठेवा. तो निम्मा केला की पृष्ठं साधारण चौपट होतात, आणि पृष्ठं वाढली की मोठा आकार बदलणं जड जातं: ग्रॅब या ओढायच्या ब्रशने पोट ओढायला गेलो की खड्डे-उंचवटे तयार होतात. पृष्ठं कमी असताना तेच पोट एका ओढीत बसतं. गळ्याखालची पोळी, नाकपुड्या, खूर हे सगळं शेवटी.

कान मात्र सांभाळा. व्हॉक्सेलपेक्षा पातळ भाग रिमेशमध्ये गळून जातो. म्हणून कान आधी जाड ठेवायचे आणि नंतर तासायचे. शिंगं तर मी जोडतच नाही, ती शेवटपर्यंत वेगळी वस्तू. त्याचं कारण साच्यात आहे. मागे वळलेलं शिंग साच्यात अडकतं आणि बैल काढताना तुटतं. शिंगांचा साचा वेगळा केला की ती नंतर बसवता येतात, आणि रंगवायलाही सोपी जातात.

तक्रारीही आहेत. स्कल्प्ट करता करता नवा गोळा हवा झाला की ऑब्जेक्ट मोडमध्ये, म्हणजे अख्ख्या वस्तू हाताळायच्या अवस्थेत, जाऊन परत यावं लागतं, त्यात लय तुटते. एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर जायला ऑल्ट-क्यू आहे, त्याने थोडा दिलासा मिळतो. मल्टिरिझोल्यूशन, म्हणजे बारकाव्यांच्या पातळ्या वाढवत नेणारी सोय, लावलेलं असताना व्हॉक्सेल रिमेश चालत नाही, म्हणून मल्टिरिझोल्यूशनकडे आकार पूर्ण ठरल्यावरच जावं. ब्लेंडरच्या ४.३ आवृत्तीत ब्रशांची मांडणी बदलली, तेव्हा हाताची सवय नव्याने लावावी लागली. आणि मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली लॅपटॉप इतका तापतो की बारीक व्हॉक्सेलचं काम मी पहाटे उरकतो. लाईटचा भरवसा नसतो, त्यामुळे दर रिमेशआधी कंट्रोल-एस.

खर्चाचं विचाराल तर सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि मूळ आकार मांडण्यापुरता साधा माउस पुरतो, कारण ते काम बहुतेक जी (सरकवणं), एस (लहान-मोठं करणं), आर (फिरवणं) या कळांवर होतं. पेन टॅबलेट ब्रशसाठी लागतो, तो सवडीने घ्या. साच्यासाठी नमुना थ्रीडी प्रिंटला देताना माप तपासा: त्यासाठी द्यायच्या एसटीएल फाइलमध्ये एकक नसतं आणि प्रिंटरचं सॉफ्टवेअर आकडा मिलिमीटर धरतं, त्यामुळे ब्लेंडरमधला २ मीटरचा ठोकळा तिथे २ मिलिमीटरचा होऊन बसतो. प्रिंटवर थरांच्या रेषा दिसतात. पुट्टी, प्रायमर आणि पॉलिशपेपर यांतून सुटका नाही. त्यानंतर रबरी साचा.

सध्या आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचा मुखवटा हातात घेतलाय. तो मागून उघडा असतो आणि व्हॉक्सेल रिमेशला बंद घनाकार लागतो. म्हणून आधी पूर्ण डोकं भरीव घडवतोय, चेहरा ठरला की मागचा भाग बॉक्स ट्रिम या कापायच्या हत्याराने कापून आतून पोकळ करणार.